वेळेआधी आलेला पाहुणा

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची एक व्युत्पत्ती जुने लोक सांगत आले आहेत. हल्ली आमच्या घरी जे पाहुणे उतरतात त्यांस ही व्याख्या लागू पडत नाही. त्यांची तिथी महिना महिना आधी ठरते. कित्येकदा भाड्याची रक्कमही त्याच दिवशी आमच्या खात्यात जमा होते. ठरत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे घटका. निघण्याच्या आदल्या सायंकाळी दूरध्वनी वाजतो आणि पलीकडून मोठ्या आर्जवाने प्रश्न येतो, "काका, आम्ही पहाटे साडेपाचलाच पोचतोय. खोली लगेच मिळेल ना?"

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरापायी आमच्या घरात जितके वाद झाले तितके वाडीच्या वाटण्यांवरूनही झाले नसतील. आज आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे माडीवरच्या दोन खोल्या, अथवा परदेशी गेलेल्या मुलाची रिकामी सदनिका, दोन-चार दिवसांकरिता पाहुण्यांस देऊ लागली आहेत. त्यांच्याही वाट्यास हा प्रश्न येतच असेल. म्हणून या बाबतीत आम्ही काय चुकलो आणि चुकून काय शिकलो, ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमचे घर गुहागरास आहे. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, आणि मागे थेट समुद्राच्या पुळणीपर्यंत गेलेली नारळी-पोफळीची वाडी, अशी या गावातील घरांची जुनी ठेवण आहे. मुले शहरांत गेली, माडी ओस पडली, तेव्हा आम्ही वरच्या दोन खोल्यांस न्हाणीघरे जोडून घेतली आणि बाहेर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी लावली. पुढे मुलाच्या आग्रहावरून, सन २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या माध्यमांवरही घराचे नाव चढले. सकाळी दहाला खोली सोडावी व दुपारी बाराला नव्या पाहुण्यांनी ती घ्यावी, हा नियम तेथे स्पष्ट लिहिलेला आहे.

तरीही पाहुणे पहाटे येतात, आणि यात त्यांचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोकणाच्या वाटाच तशा आहेत. १९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत सलग सुरू झाली आणि मुंबईकरांस गाव जवळ आले. परंतु रात्री मुंबईहून निघालेली गाडी चिपळुणास अपरात्री किंवा पहाटे पोचते. तेथून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर. रात्रीच्या मोटारगाड्यांची तीच कथा. त्या निघतात जेवणाच्या वेळी आणि उतारूस सोडतात कोंबडा आरवण्याच्या सुमारास. शिवाय गुहागरास येणारा प्रत्येक जण केवळ समुद्र पाहण्यास येत नाही. श्रीव्याडेश्वर हे कित्येक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत. नव्या सुनेस घेऊन, नातवाची मुंज आटोपून, किंवा आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाआधी दर्शन व्हावे म्हणून मंडळी येतात. त्यांस सकाळीच अभिषेक करावयाचा असतो, आणि त्याआधी स्नान करून धूतवस्त्र नेसावयाचे असते. रात्रभर प्रवासात अवघडलेल्या त्या माणसांनी बारा वाजेपर्यंत कोठे बसावे? तेव्हा पहाटे खोली मागणारा पाहुणा नियम मोडू पाहणारा उद्धट मनुष्य असतो असे नव्हे. बहुधा तो थकलेला मनुष्य असतो.

आता दुसरी बाजू पाहू. दहा आणि बारा यांमधील दोन तासांत यजमान काय करतो, याची कल्पना पाहुण्यास सहसा नसते. आदल्या मंडळींनी खोली सोडल्यावर खिडक्या उघडून गाद्यांस वारा द्यावा लागतो. चादरी, अभ्रे, पंचे बदलावे लागतात. समुद्रावर जाऊन आलेल्या पायांबरोबर इतकी वाळू खोलीत आलेली असते की ती दोनदा झाडून एकदा ओल्या फडक्याने टिपल्याखेरीज निघत नाही. न्हाणीघर घासून, धुऊन, शिवाय कोरडे करावे लागते. कारण ओल्या लादीवर वृद्ध मनुष्याचा पाय घसरला तर त्याचे पातक यजमानाच्या माथी. एका माणसास एका खोलीमागे दीड तास हा आमचा अनुभव आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात चादर दोन दोन दिवस वाळत नाही, म्हणून प्रत्येक खाटेमागे चादरींचे तीन जोड ठेवावे लागतात: एक खाटेवर, एक दोरीवर, एक कपाटात.

मोठ्या हॉटेलात पन्नास खोल्या असतात. त्यांतील दोन-चार आदल्या दिवशीच रिकाम्या झालेल्या असतात, आणि पहाटे आलेल्याच्या हाती त्यांपैकी एखाद्या खोलीची किल्ली सहज देता येते. दोन खोल्यांच्या घरी हा हिशोब चालत नाही. आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर सर्वच सोपे. पण ती भरलेली असेल तर नव्या पाहुण्यास द्यावयाची ती खोली त्या घटकेस दुसऱ्या कोणाची तरी असते. ही साधी गोष्ट आम्हांस समजण्यास एक वैशाख महिना खर्ची पडला.

त्या वर्षी सुटीच्या दिवसांत विदर्भाकडील एक वृद्ध जोडपे आमच्याकडे तीन रात्री राहिले होते. गृहस्थ पंचाहत्तरीच्या पुढचे, नित्य स्नानसंध्या करणारे, बोलणे अगदी मोजके. चौथ्या दिवशी ते दहाला निघणार, आणि त्याच खोलीत मुंबईचे पाच जणांचे कुटुंब बाराला येणार, असा बेत होता. आदल्या रात्री नऊ वाजता त्या कुटुंबाचा दूरध्वनी आला. पहाटेच येतो म्हणाले. बरोबर दोन लहान मुले. 'नाही' म्हणण्याची आम्हांस भीड पडली. आम्ही म्हणालो, "या हो तुम्ही, बघू आपण."

या 'बघू' शब्दाचा अर्थ आमच्या मनात 'बहुधा जमणार नाही' असा होता. पलीकडे तो 'खोली मिळाली' असा ऐकला गेला. पहाटे पावणेसहास गाडी खळ्यात उभी राहिली. मुले पेंगुळलेली, त्यांची आई वैतागलेली. सर्व मंडळी पडवीत बसली, आणि बरोबर वरच्या माडीवर ते वृद्ध जोडपे. दर दहा मिनिटांनी प्रश्न येऊ लागला, "अजून किती वेळ लागेल हो?" जुन्या घरांतील तक्तपोशीतून शब्द न् शब्द वर ऐकू जातो. साडेसहाच्या सुमारास ते गृहस्थ पिशवी हातात घेऊन जिना उतरले. स्नान झालेले नव्हते. "आमचं आटोपलंच होतं," एवढेच म्हणाले. निघण्यापूर्वी सकाळी एकदा समुद्राचे दर्शन घेऊन येऊ, असे त्यांच्या पत्नीने आदल्या रात्री आमच्या घरी बोलून दाखविले होते. ते राहून गेले.

इकडे आम्ही घरकामास येणाऱ्या मावशींस सहा वाजताच दूरध्वनी केला होता. त्या मुलाचा कामावरचा डबा अर्धा टाकून धावत आल्या. घाईघाईने खोली लावली आणि साडेसात वाजता मुंबईच्या मंडळींच्या ताब्यात दिली. न्हाणीघराची लादी ओलीच होती. चार दिवसांनी त्यांनी अभिप्राय लिहिला, त्यात आमच्या मोदकांची स्तुती होती आणि 'खोली स्वच्छ मिळाली नाही' असेही होते. त्यांचेही खोटे नव्हते.

त्याच दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घातलेली पळी आणि पंचपात्र मावशींस सापडले. संध्या करणारा मनुष्य आपली पळी-पंचपात्र विसरून जातो, तेव्हा त्याला किती घाईने निघावे लागले असेल हे निराळे सांगावयास नको. आम्ही ती कुरिअरने पाठविली. उलट पत्र आले. त्यात आभार होते, घरच्या जेवणाचे कौतुक होते, आणि त्या सकाळीविषयी एक अक्षरही नव्हते. रागाचे चार शब्द असते तर आम्हांस बरे वाटले असते.

त्या रात्री आमच्या घरातून आम्हांस दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या, आणि त्या दोन्ही खऱ्या होत्या. पहिली अशी: "तुम्ही खोली देऊ केलीत, पण दहा वाजेपर्यंत ती होती कोणाची? त्यांनी पैसे मोजले होते. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून तुम्ही दानशूर झालात." आणि दुसरी अशी: "शब्द द्यायचा तुम्ही, आणि चारला उठायचं आम्ही. मावशींच्या मुलाच्या डब्याचा विचार तुमच्या मनात तरी आला का?"

आतिथ्याच्या नावाखाली आपण जे देतो ते आपले असते की दुसऱ्याचे, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेला नाही. निरोप घेणाऱ्या पाहुण्याची शेवटची सकाळ, घरातील स्त्रियांची झोप, कामास येणाऱ्या बाईची घरची घाई, हे सर्व खर्चून 'काका फार चांगले हो' एवढे प्रशस्तिपत्र आम्ही आपल्याकरिता मिळवीत होतो.

मग काय पाहुण्यास दारात उभे करून घड्याळ दाखवावे? तेही आपल्या संस्कारांस धरून नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्यास निरोप देताना अतिथीस देवासमान मानण्यास सांगतो. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या घरी गेला तेव्हा यजमान घरी नव्हता. तो ब्राह्मणकुमार तीन रात्री उपाशी राहिला. प्रत्यक्ष यमधर्मानेही परतल्यावर 'मी नव्हतो' ही सबब पुढे न करता एका एका रात्रीबद्दल एक याप्रमाणे तीन वर देऊ केले. जो वेळेच्या बाबतीत कोणाचीही गय करीत नाही, त्याची ही वागणूक.

या पेचाचे उत्तर आम्हांस आमच्या देवघरात मिळाले. सकाळची पूजा चालली असता सहज लक्षात आले की, षोडशोपचार हे घरी आलेल्या थोर पाहुण्याच्या स्वागताचेच उपचार आहेत. आवाहन करावे, आसन द्यावे, पाय धुण्यास पाणी द्यावे, अर्घ्य द्यावे, आचमनास पाणी द्यावे, मग स्नान, मग वस्त्र, आणि यथाकाल नैवेद्य. या सोळा उपचारांत खोली कोठेही नाही. दारी आलेल्यास त्या घटकेस काय हवे असते, हे आपल्या पूर्वजांनी क्रमवार सांगून ठेविले आहे. बसावयास जागा, तोंड धुण्यास पाणी, स्नानाची सोय, पोटास काहीतरी. पहाटे आलेला पाहुणा 'खोली' हा शब्द उच्चारतो खरा, परंतु दहांतील आठ वेळा त्याला ह्याच चार गोष्टी हव्या असतात.

मग आम्ही मागील दारची जुनी मोरी दुरुस्त करून घेतली. तिला कडी, आरसा, कपडे अडकविण्यास खुंट्या आणि गरम पाण्याची सोय केली. ओटीला लागून असलेल्या कोठीच्या खोलीस कुलूप बसवून तेथे सामान ठेवण्यास फळ्या मारल्या. पडवीत झोपाळा होताच. शेजारी दोन बाज टाकल्या. सकाळी साडेपाचपासून चहा, आणि सातनंतर पोहे अथवा घावन. एवढ्याने पहाटेच्या तक्रारींपैकी बहुतेक मिटल्या. पाहुणे येतात, सामान ठेवतात, स्नान करून अभिषेकास जातात, तेथून समुद्रावर जातात, आणि परत येईतो बारा वाजलेले असतात.

राहिला प्रश्न उत्तर कसे द्यावे याचा. त्याबाबत आमच्या घरी आता पुढील शिस्त आहे.

आरक्षण होताच आम्हीच पहिला प्रश्न करतो: कोणत्या वाहनाने येणार, किती वाजता पोचणार, बरोबर तान्हे मूल, वृद्ध किंवा आजारी कोणी आहे काय. पाहुण्याने आदल्या रात्री विचारावे आणि आम्ही भिडेत सापडावे, हा प्रसंगच त्यामुळे टळतो.

उत्तर त्याच दिवशी देतो, आणि ते 'होय', 'नाही' किंवा 'अमुक वेळी सांगू' यांपैकी एक असते. 'बघू' हा शब्द आमच्या घरात या कामापुरता बंद झाला आहे. आदल्या रात्रीचे आरक्षण अद्याप झालेले नसेल, तर "खोली रिकामी राहिली तर पहाटे मिळेल, आदल्या दिवशी रात्री आठ वाजता नक्की कळवू" असे सांगतो, आणि आठ म्हणजे आठलाच कळवितो. त्या वेळी खोली रिकामी असेल तर त्याबद्दल अधिक पैसे घेत नाही, कारण आमचे काही खर्च झालेले नसते.

ज्यास पहाटे खोली मिळण्याची खात्रीच हवी असेल, त्याने आदली रात्र राखून ठेवावी, असे आम्ही मोकळेपणाने सांगतो. त्या रात्रीचे आम्ही निम्मे भाडे घेतो आणि माध्यमावरील दिनदर्शिकेत ती रात्र बंद करून टाकतो. मावशींस नेहमीच्या वेळेआधी बोलवावे लागले, तर त्याबद्दलची रक्कम थेट त्यांच्या हाती पडते, आणि येणे जमेल की नाही हे आधी त्यांस विचारूनच आम्ही पाहुण्यास शब्द देतो.

निरोप घेणाऱ्यांस आम्ही आदल्या सायंकाळी एकदाच विचारतो, "उद्या साधारण कधी निघणार?" ते आठ म्हणाले तर नव्या मंडळींस लवकर खोली मिळते, दहा म्हणाले तर दहा. पुन्हा विचारीत नाही, आणि नवे पाहुणे पडवीत आले असतील तर त्यांसही वरच्या मंडळींची झोप मोडू देत नाही.

आणि या सर्व नियमांस एक अपवाद आहे. ओली बाळंतीण, तान्हे मूल, आजारी किंवा अतिवृद्ध मनुष्य आले, तर माडीची वाट न पाहता आमच्या माजघरात खाट घालून देतो. ती जागा आमची स्वतःची आहे; ती देण्यास कोणास विचारावे लागत नाही. मात्र याचा निर्णय आमच्या घरातूनच होतो, आम्ही परस्पर करीत नाही.

कित्येक स्नेही म्हणतात, "अहो, पैसे घेऊन खोली देता, मग त्यात आतिथ्य कसले? हा सरळ व्यापार." व्यापार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु व्यापारातही शब्दास किंमत असते, किंबहुना तेथेच ती अधिक असते. घरी आलेल्या आप्तास आपण गैरसोयीत ठेविले तर तो समजून घेतो. पैसे मोजलेल्या परक्यास आपल्या संदिग्ध शब्दावर विसंबून लहान मुलांसह पहाटेच्या अंधारात ताटकळत बसावे लागले, तर त्याने समजून का घ्यावे? वेळेवर आणि स्पष्टपणे दिलेला नकार त्याच्या उपयोगी पडतो. तो पुढची गाडी धरतो, वाटेत चिपळुणास उजाडेपर्यंत थांबतो, किंवा आदली रात्र राखून ठेवतो.

आपल्यापैकी अनेकांवर यजमान होण्याहून पाहुणा होण्याचाच प्रसंग अधिक येतो, म्हणून दोन शब्द त्या बाजूनेही. लवकर पोचणार असाल तर निघण्याच्या रात्री कळवू नका. आरक्षण करतानाच कळवा. 'जरा लवकर' असे न म्हणता घड्याळातील वेळ सांगा. आपणांस नेमके काय हवे, सामान ठेवावयाचे आहे, स्नान करावयाचे आहे, की निजावयाचे आहे, ते स्पष्ट सांगा. 'फक्त बॅगा ठेवतो' म्हणून यावे आणि आल्यावर खाट मागावी, हे बरे नव्हे. आणि ज्या खोलीत आपण जाऊ इच्छिता तेथे त्या क्षणी कोणी निजलेले असू शकेल, याची आठवण असू द्यावी. दोन दिवसांनी त्यांच्या जागी आपणच असणार असता.

मागल्या माघात एक कुटुंब असेच पहाटे आले. आठवडाभर आधी कळविले होते. खोली बाराला मिळेल, हेही त्यांस माहीत होते. बरोबर ऐंशीच्या घरातील आजी. मागील दारी स्नाने झाली, चहा झाला, मंडळी देवळात गेली. आजींस चालवेना, म्हणून त्या मागे राहिल्या. माजघरात खाट घालतो म्हटले तर नको म्हणाल्या. झोपाळ्यावरच बसल्या आणि आमच्या घरातून शहाळ्याचे पाणी नेऊन दिले ते घेत घेत कुळाची चौकशी करू लागल्या. तासाभरात तीन पिढ्यांमागचे एक नातेही निघाले. साडेनवाला माडीवरचे पाहुणे स्नान, न्याहारी सर्व आटोपून सावकाश खाली उतरले, आजींस नमस्कार करून गाडीत बसले. मावशी त्यांच्या नेहमीच्या वेळी आल्या. बाराला दहा मिनिटे असताना आम्ही वर जाऊन न्हाणीघराच्या लादीवर हात फिरवून पाहिला. लादी कोरडी होती. मग खाली येऊन किल्ली आजींच्या हातात दिली.